पुढच्यास ठेच

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" ही म्हण ज्यानं काढली त्यानं मागच्या जन्मी सॉफ्टवेअरमध्ये काम केलं असणार. फक्त एक गोष्ट तो गृहीत धरून चाललाय, की पुढचा ठेचकाळताना मागच्याला दिसतो. आपल्या धंद्यात तसं नसतं. पुढचा माणूस दोन वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये कुठेतरी ठेचकाळलेला असतो. रात्रभर डोकं आपटतो, पहाटे उपाय सापडतो, आणि बिचारा झोपायला जातो. मागचा आज पुण्यात बरोब्बर त्याच दगडावर येऊन धडकतो. दोघांची गाठच नाही. ती गाठ पडू शकेल अशी जागा एकच: डॉक्युमेंटेशनचं ते पान, जे दोघांनीही उघडलं होतं. आजचं शनिवारचं पुराण त्या पानाबद्दल.

आधी एक प्रश्न. मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये भोकं राहतातच का? लिहिणारे आळशी असतात असं आपण पटकन म्हणून टाकतो, पण ते खरं नाही. ज्यानं फंक्शन लिहिलं त्यालाच त्याबद्दल लिहायला लावणं म्हणजे आईला फोनवर पोह्यांची रेसिपी विचारण्यासारखं आहे. "पोहे भिजवून घे, फोडणी कर, अंदाजानं मीठ घाल, झालं!" किती वेळ भिजवायचे? हा प्रश्न तिला पडतच नाही, कारण तिच्या हाताला ते माहीत आहे. तो प्रश्न कोणाला पडतो? ज्यानं पोहे पातेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवले आणि लगदा झाला, त्याला. रेसिपीतली ती एक गाळलेली ओळ फक्त तोच सांगू शकतो.

आणि तोसुद्धा फार दिवस सांगू शकत नाही हं. तीनदा पोहे जमले की त्यालाही वाटायला लागतं, यात काय सांगायचंय, भिजवायचे आणि काय! अडाणीपण हा नाशवंत माल आहे. ताजा असतानाच त्याचा उपयोग.

हे सगळं मी शिकलो पीएचपीच्या मॅन्युअलमधून. रासमुस लेर्डोर्फनं १९९५ मध्ये ही भाषा लोकांसमोर आणली. तिला नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण तिच्या मॅन्युअलमध्ये एक फार भारी गोष्ट होती आणि अजून आहे. प्रत्येक फंक्शनच्या पानाखाली वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी. वर अधिकृत मजकूर आणि खाली जनता. नोंद टाकायला साधा फॉर्म. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी अक्षरांत लिहिलेलं बालवाडीचं गणित सोडवायचं. मदत मागू नका, बग कळवू नका, अशी तंबी तिथेच दिलेली, आणि तरीही लोक तेच करायचे, मग संपादक मंडळी ते काढून टाकायची.

२००५-०६ साली आमच्या ऑफिसात सगळ्यांना मिळून एक रडकं इंटरनेट कनेक्शन होतं. त्यामुळे मॅन्युअलची सीएचएम फाइल उतरवून घ्यायची पद्धत होती. तिचे दोन प्रकार मिळायचे, एक साधी आणि एक नोंदींसकट. नोंदींसकटची फाइल चांगली जाडजूड, पण पेन ड्राइव्हवरून फिरायची ती हीच. साधी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

का, त्याचं एक उदाहरण देतो. पीएचपीत स्ट्रपॉस नावाचं फंक्शन आहे. एका मजकुरात दुसरा मजकूर शोधायचा आणि तो कितव्या जागेवर सापडला ते सांगायचं. जागा मोजायची शून्यापासून. सापडलाच नाही तर उत्तर 'फॉल्स'. आता "पुणे ते मुंबई" मध्ये "पुणे" शोधा. पहिल्याच जागेवर आहे, म्हणून उत्तर शून्य. आणि 'इफ' मध्ये शून्य म्हणजेही खोटं! म्हणजे पुणे समोर दिसतंय आणि प्रोग्रॅम सांगतोय, पुणे नाही. (नागपूरकर खूश.) त्यावरचा उपाय म्हणजे तुलना करताना तीन 'बरोबर' चिन्हं वापरायची. मॅन्युअलमध्ये याबद्दलचा इशारा ठळक चौकटीत आहे. पण चौकट वाचतो कोण? तेच खाली एखाद्यानं त्याचा फसलेला कोड आणि खाली सुधारलेला कोड टाकला, की डोक्यात प्रकाश पडतो. कारण तो कोड हुबेहूब आपल्यासारखाच असतो.

या गोष्टीचा शेवट मला फार आवडतो. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० आलं, त्यात 'स्ट्र कंटेन्स' नावाचं नवं फंक्शन आलं. सापडलं की नाही एवढंच ते सांगतं, हो किंवा नाही. जुनी पद्धत चुकायला सोपी आहे, हे कारण त्याच्या प्रस्तावातच दिलेलं होतं. म्हणजे पंचवीस वर्षं लोक ज्या दगडावर ठेचकाळत होते, तो शेवटी बाजूला केला गेला.

आणि माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. "इथे दगड आहे" ही पाटी लावणं हे पहिलं काम. पण पाटी लावून काम संपत नाही. दगड उचलणारा कोणीतरी लागतो. पाट्याच पाट्या झाल्या की रस्ता दिसेनासा होतो.

तसं प्रत्यक्षात झालंही. नोंदींना वय असतं. २००४ साली कोणीतरी लॉगिनचा कोड टाकतो. युजरनं टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलमध्ये चिकटवलेलं, पासवर्डला एमडी५ चा नुसता मुलामा. त्या काळात असंच लिहायचे लोक. पुढे २०१३ मध्ये पीएचपी ५.५ आलं. पासवर्डसाठी नीट फंक्शन मिळालं आणि मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं मोडीत निघाली, असं जाहीर झालं. डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आलं तेव्हा ती कायमची गेली. पण म्हणून इंटरनेटभर सांडलेले असले तुकडे आपोआप उठून गेले नाहीत. उलट जितका जुना तुकडा, तितके त्याच्यावर जास्त अंगठे. नव्या बरोबर उत्तराला शून्य अंगठे, म्हणून ते तळाशी.

हे फक्त पीएचपीचं नाही बरं का. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तेरा लाख अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यातल्या १५.४ टक्के ॲप्समध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेले, सुरक्षेशी संबंधित कोडचे तुकडे सापडले. आणि अशा ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांमध्ये निदान एक तुकडा असुरक्षित होता. ज्यांनी ते तुकडे मुळात लिहिले ते बदमाश नव्हते. कोणाचीतरी अडचण दूर करत होते बिचारे. पण लिहिल्यानंतर त्या तुकड्याचा वाली कोण, हे ठरलेलं नव्हतं.

स्टॅक ओव्हरफ्लोनं स्वतःच जुलै २०१६ मध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाचा प्रकार सुरू केला होता, आठवतंय? प्रश्नोत्तरं जशी लोकांनी लिहिली तशी मॅन्युअलंही लोकच लिहितील, अशी कल्पना. ऑगस्ट २०१७ मध्ये बंद. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की उदाहरणांचा ढीग म्हणजे पुस्तक नव्हे. प्रश्नोत्तरात एक विचारणारा असतो, त्याची अडचण ठरलेली असते. पानाला तसं कोणी विचारलेलं नसतं. आधी काय सांगायचं, काय गाळायचं, हे ठरवणारा एक माणूस लागतो. घरच्या लग्नात वीस जण मदतीला असतात, पण भटारखान्यात मीठ कोणी घालायचं हे एकालाच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर आमटीत वीस वेळा मीठ, किंवा एकदाही नाही.

आता एक घरचा किस्सा. २०११ ची दिवाळी. डोंबिवलीच्या एका काकूंचा फराळाचा घरगुती धंदा होता आणि त्यांची छोटी वेबसाइट आम्ही करून दिली होती. पैसे घेण्यासाठी एका पेमेंट गेटवेला जोडायचं होतं. त्यांचं साठ पानी पीडीएफ आलं. त्यात एका रकान्याचं वर्णन असं: "रक्कम. पूर्णांक. बंधनकारक." बस्स. रुपयात की पैशात, यावर अवाक्षर नाही. चाचणीच्या सर्व्हरवर काहीही पाठवलं तरी "यशस्वी" असंच उत्तर. आमच्या टीममधल्या मुलीनं बाराशे रुपयांच्या डब्यासाठी बाराशे पाठवले. तुम्ही कोणीही तेच केलं असतं.

साइट सुरू झाली संध्याकाळी. सकाळी सात वाजता काकूंचा फोन, "अरे, माझ्या खात्यात बारा-बारा रुपये कसे काय येतायत?"

एका रात्रीत सदतीस ऑर्डरी. चकली, चिवडा, अनारसे, करंज्या, सगळं बारा रुपयात. काकूंनी बेसन, तूप, साखर उधारीवर उचललेलं. दोन दिवस आम्ही गिऱ्हाइकांना फोन करत बसलो. बहुतेकांनी हसून उरलेले पैसे भरले. पाच-सहा जणांनी फोन उचलणंच बंद केलं. काकूंनी त्यांचेही डबे पाठवले, "दिवाळीचं कोणाच्या तोंडाला लागायचं" म्हणून.

पण खरी गंमत पुढे आहे. गेटवेच्या सपोर्टला फोन लावला, तर पलीकडचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "हो सर, रक्कम पैशात द्यायची असते. बरेच जण विचारतात."

बरेच जण विचारतात! म्हणजे दगड कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, मग त्या पीडीएफमध्ये एक शब्द घाला ना. तर म्हणे, "सर, डॉक्युमेंट दुसरी टीम बघते." मी रीतसर ईमेल पाठवली. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत" असं उत्तरही आलं. दोन वर्षांनी दुसऱ्या प्रोजेक्टच्या निमित्तानं त्यांचं नवं पीडीएफ हातात पडलं. गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ, नवा लोगो. आणि आत तेच: "रक्कम. पूर्णांक. बंधनकारक."

या किस्स्यात वापरणाऱ्यांनी सांगितलं नाही, असं झालं नव्हतं. सगळे सांगत होते. सांगितलेलं पानापर्यंत पोचायला वाटच नव्हती. सपोर्टच्या खुर्चीपासून त्या पीडीएफपर्यंत दहा पावलं असतील, पण ती चालणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

म्हणून ज्यांनी ही वाट बांधली त्यांचं मला कौतुक वाटतं. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनखाली पूर्वी वाचकांच्या नोंदी असायच्या. त्या त्यांनी बंद केल्या. आता तिथे एक फॉर्म आहे. पानात काही चुकीचं, अनुभवाशी न जुळणारं किंवा अस्पष्ट दिसलं तर कळवा, आम्ही मजकूरच सुधारतो. वरवर बघता लोकांचा आवाज काढून घेतला असं वाटेल. पण मला तरी उलट वाटतं. तुमचं म्हणणं तळाशी लटकत ठेवण्यापेक्षा ते वरच्या परिच्छेदात मुरवणं हा जास्त मोठा मान आहे.

एमडीएनची गोष्टही अशीच. मोझिलानं २००५ मध्ये ते सुरू केलं आणि पंधरा वर्षं ते विकी म्हणून चाललं. खातं उघडा, बदल करा, लगेच जगाला दिसेल. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं सुमारे अडीचशे लोकांना कामावरून कमी केलं, त्यात एमडीएनवर लिहिणारेही होते. डिसेंबर २०२० मध्ये सगळा मजकूर गिटहबवर गेला. आता बदल सुचवायचा, कोणीतरी तो तपासणार, मग छापला जाणार. जानेवारी २०२१ मध्ये 'ओपन वेब डॉक्स' नावाची संस्था उभी राहिली, याच कामासाठी पगारी लेखक नेमणारी. यातून मी काय घेतलं सांगू? लोकांचा हातभार फुकट मिळतो, पण तो हातभार पानात बसवणं फुकट होत नाही. त्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो.

विकीच्या बाजूनंही बोलायला हवं. गिटहबवर बदल सुचवायचा म्हणजे फोर्क, ब्रँच, पुल रिक्वेस्ट हे सगळं सोपस्कार आलं. स्पेलिंगची एक चूक सुधारायला एवढं कोण करणार? दार उंच केलं की चोर कमी येतात हे खरं, पण पाहुणेही कमी येतात. मी तरीही उंच दाराच्या बाजूनं आहे, फक्त दाराशी उत्तर देणारं कोणीतरी हवं.

गिटहबनं २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांची पाहणी केली होती. अपुरं किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही अडचण ९३ टक्के लोकांनी सांगितली. आणि हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, की डॉक्युमेंटेशनला आम्ही क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. म्हणजे आपलंच. रस्त्यावर खड्डा आहे म्हणून सगळे ओरडणार, आणि फावडं कोणाच्याच घरी नाही.

आपल्याकडे याचं एक खास कारण आहे, आणि ते कोणी उघड बोलत नाही. इंग्रजी. मराठी मीडियममधून आलेला मुलगा दिवसभर फाडफाड कोड लिहितो, पण दोन ओळी इंग्रजीत जगासमोर टाकायच्या म्हटलं की हात आखडतो. 'अ' की 'द'? हसतील का? जाऊ दे, कोणीतरी लिहील. मलाही तसंच वाटायचं.

मग काही वर्षांपूर्वी पीडीएफ बनवणारी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरत होतो. मराठी पावत्या काढायच्या होत्या. फाँट घातला, अक्षरं आली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरं सगळी फुटली. "शिक्षण" असं छापलं गेलं की वाचून रडू यावं. दोन रात्री गेल्या. शेवटी कळलं की अक्षरांची जुळणी करणारा एक पर्याय आहे, तो वेगळा चालू करावा लागतो. फाँटच्या पानावर त्याचा उल्लेखच नव्हता. का असेल? लिहिणाऱ्यांना कधी वेलांटी लागलीच नव्हती!

मी धीर करून दोन वाक्यं आणि सहा ओळींचं उदाहरण पाठवलं. तपासणाऱ्या बाईंना देवनागरी येत नव्हती. त्यांनी आधीचं आणि नंतरचं चित्र मागितलं. मी दोन्ही 'शिक्षण' पाठवले. मग त्यांनी विचारलं, हे अरबी आणि तमिळलाही लागू आहे का? आहे. मग त्या म्हणाल्या, हे पानाच्या तळाशी नको, वरच घेऊ. नऊ दिवसांनी ते छापलं गेलं. माझे 'अ' आणि 'द' त्यांनी मिनिटभरात नीट करून टाकले, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. इंग्रजी त्यांच्याकडे भरपूर होतं. वेलांटी माझ्याकडे होती.

आज हा विषय काढायचं कारण वेगळंच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर नवे प्रश्न येणं झपाट्यानं घटलं. साहजिक आहे. मीही आधी चॅटलाच विचारतो. अपमान होत नाही, "आधी शोधून बघा" असं कोणी खेकसत नाही. पण ही मॉडेल्स शहाणी झाली ती कशाच्या जोरावर? त्यातला मोठा वाटा लोकांनी वीस-पंचवीस वर्षं लिहून ठेवलेल्या ठेचांचा. आता आपण ठेचकाळतो, चॅटच्या खिडकीत रडतो, तिथेच काहीतरी जमून जातं, खिडकी बंद. मागच्याला काहीच कळलं नाही. उद्या नवी लायब्ररी येईल, तिचे दगड नवे असतील. त्याबद्दल कोणी लिहिलंच नसेल तर मॉडेल काय सांगणार? ठासून चुकीचं सांगेल, दुसरं काय.

म्हणून माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. काही तास खाऊन एखादी गोष्ट सुटली, की त्याच दिवशी पाच गोष्टी लिहायच्या. कुठली आवृत्ती. मला काय होईल वाटलं होतं. प्रत्यक्षात काय झालं. लहानात लहान कोड. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: पानावरच्या कुठल्या वाक्यानंतर काय लिहिलं असतं तर माझे हे तास वाचले असते. पाचवी लिहिली की नोंदीची सुधारणा होते, कारण पान सांभाळणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

आणि तुमच्या हाताखाली टीम असेल तर, प्रत्येक पानावर एका माणसाचं नाव टाका. शुक्रवारी त्याला अर्धा तास द्या. त्या आठवड्यात आलेले प्रश्न त्यानं पानात मुरवायचे आणि मुरले की खालची नोंद पुसून टाकायची. महिन्यानं तळाशी नोंदी कमी दिसल्या तर समजा काम चाललंय. सपोर्टवाल्यानं "बरेच जण विचारतात" असं म्हटलं, की ते वाक्य कानात वाजलं पाहिजे. त्याचा मराठीत अर्थ होतो, "आमच्या पानात भोक आहे."

असो. या आठवड्यात तुम्हाला कशाची तरी ठेच लागलीच असेल. अजून आठवतेय तोवर लिहून टाका. सोमवारपर्यंत तुम्ही शहाणे झालेले असाल, आणि मग काही उपयोग नाही.